भरतीच्या हिशेबाने पक्षीनिरीक्षण: ठाणे खाडी ते उरण, हिवाळी फेरी कशी आखावी

जंगलात फिरणारे लोक जंगलाचीच सवय घेऊन खाडीवर येतात. पहाटे पाचला उठायचं, सूर्योदयाला काठावर हजर. समोर मैलभर चिखल आणि त्याच्या पार टोकाला हलणारे ठिपके. दहा वाजेपर्यंत ऊन चढतं, ठिपके थरथरू लागतात आणि मंडळी "यंदा पक्षी कमीच आहेत" म्हणत घरी जातात. त्याच जागी, त्याच दिवशी दुपारी दोनला पोचलेल्याला काठापासून वीस-पंचवीस मीटरवर रेडशँक या चिखलपक्ष्याचे लाल पाय दिसतात.

ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखलपक्षी खायला पांगतात. भरती चढते तशी त्यांची जागा आक्रसते आणि ते काठाकडे ढकलले जातात. चिखल पूर्ण बुडाला की आसपासच्या तळ्यांवर, मिठागरांवर, बांधांवर गर्दी करून विसावा घेतात. पुढचे सगळे टप्पे याच चक्राभोवती रचले आहेत. उदाहरणाला ठाणे खाडीचे दोन्ही काठ, नेरुळची तळी आणि उरणची पाणथळं घेतली आहेत. अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यालाही हाच हिशेब लागू पडतो.

## टप्पा १: आधी तिथी, मग रविवार

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या रविवारी साधलेली वेळ पुढच्या रविवारी जवळजवळ उलटी होते. "मागच्या वेळी नऊला गेलो होतो, मस्त दिसले" या भरवशावर निघणं ही सर्वांत जास्त होणारी चूक.

कोकणातला जुना हिशेब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, आकडा तोच. अमावस्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास तर नक्कीच. म्हणून त्यावर महिन्यातले दिवस निवडा आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून घ्या.

तक्ता बघताना तीन ठिकाणी लोक घसरतात.

पहिलं, बंदर. मोबाइलवरचं ॲप कधी कधी जवळचं म्हणून भलतंच बंदर उचलतं. मुंबईचाच तक्ता उघडलाय ना, हे नाव वाचून बघा. तोही बंदराच्या तोंडाशी लागू असतो. भरती खाडीत आत ऐरोली-भांडुपपर्यंत पोचायला आणखी वेळ घेते. किती, ते पहिल्या फेरीत स्वतः टिपून ठेवा. पुढच्या सगळ्या फेऱ्यांना तो आकडा पुरतो.

दुसरं, उंची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. उधाणाला पाणी तिवरांच्या मुळांत शिरतं, चिखल नावालाही उरत नाही आणि पक्षी तळ्यांवर जातात. भांगाला पाणी काठापर्यंत येतच नाही, पक्षी दूरच राहतात. शिवाय अष्टमीला भरती पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि भर दुपारी ओहोटी, म्हणजे उजेड आणि पाणी दोन्ही उलट. नवख्यांना घेऊन जायचं असेल तर सप्तमी ते नवमी टाळाच.

तिसरं, त्याच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. तक्त्यातला मोठा आकडा रात्रीच्या भरतीचा असेल तर त्याचा उपयोग शून्य. दिवसाच्या भरतीपुढचा आकडा वाचा.

तपासा: कागदावर चार गोष्टी उतरल्या पाहिजेत: तारीख, दिवसाच्या पूर्ण भरतीची वेळ, तिची उंची, सूर्योदय-सूर्यास्त. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, हे विसरून सहाला काठावर पोचलेले लोक तासभर डास मारत बसतात.

## टप्पा २: कोणता काठ?

ठाणे खाडी ढोबळमानाने उत्तर-दक्षिण पसरलेली. पश्चिम काठावर मुंबईची बाजू: शिवडी, भांडुप. पूर्व काठावर नवी मुंबई: ऐरोली, वाशी, नेरुळ. पश्चिम काठावरून खाडीकडे बघताना तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत आणि पक्षी काळ्या सावल्या. पायाचा रंग, चोचीचं बूड, पाठीवरची नक्षी काहीच कळत नाही आणि चिखलपक्ष्यांची ओळख तर यावरच उभी आहे.

तेव्हा जोडी अशी लावा. सकाळच्या भरतीला पूर्व काठ, दुपारच्या भरतीला पश्चिम काठ. तिथीच्या भाषेत, दशमी ते चतुर्दशी ऐरोली-नेरुळ. तृतीया ते षष्ठी शिवडी-भांडुप. आक्षीला समुद्र पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सकाळ. दुपारी ओल्या वाळूवरची चकाकी डोळे फोडते.

एका दिवसात चार जागा करू नका. काठाची एक जागा आणि भरतीच्या विसाव्याची एक जागा, एवढंच. नेरुळची तळी किंवा उरणची पाणथळं विसाव्यासाठी चांगली. मात्र उरणच्या पाणजे-बेलपाड्याकडे, किंवा बांध घातलेल्या कुठल्याही खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत), पाणी किती आहे हे चंद्रापेक्षा उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, ठरतं. उघाडी बंद असली, की बाहेर उधाण असूनही आत कोरडं पडलेलं तळं भेटतं. उलट तळं काठोकाठ भरलं तर आखूड पायांच्या टिलव्यांना (लहान चिखलपक्ष्यांना) उभं राहायलाही जागा नसते. गेल्या आठवडाभरातल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या याद्या बघूनच उरणला निघा.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जायचं असेल तर बोट भरतीच्या पाण्यावर सुटते, त्यामुळे तिची वेळ रोज वेगळी असते. आधी नोंदणी करा. रोहितांसाठी (फ्लेमिंगोंसाठी) बोट उत्तम. लहान चिखलपक्ष्यांसाठी मात्र काठच बरा. हलत्या बोटीवर स्कोप (तिपाईवरची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) लावता येत नाही.

सावध: ठाणे खाडीत 2015 साली जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून ते रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. ड्रोन घरीच ठेवा. भांडुप उदंचन केंद्राच्या (पंपिंग स्टेशनच्या) आवारात आणि बंदराच्या हद्दीत प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते आदल्या दिवशी विचारून घ्या. उरणकडे बंदर आणि नौदलाच्या जागा आहेत, तिकडे लेन्स वळवू नका.

## टप्पा ३: सामान

दुर्बीण 8×42. 10×50 हातात जड होते आणि खाडीच्या वाऱ्यात तिची थरथर वाढते. दुर्बीण नवी असो वा मागून आणलेली, निघण्याआधी तुमच्या डोळ्यांना लावून घ्या: उजवी बाजू हाताने झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटी स्वच्छ दिसेल असं करा, मग डावी झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. चष्मा लावत असाल तर रबरी कडा खाली दाबा. हे न केल्यामुळे अर्ध्या लोकांना तासाभरात डोकेदुखी होते आणि दोष उन्हाला मिळतो.

गटात एक तरी स्कोप हवा, 20 ते 60 पटीचा, जड तिपाईसकट. पट कमी ठेवा. वीस-पंचवीसवर जो पक्षी स्पष्ट दिसतो तो साठवर उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो, कारण चिखलावरची तापलेली हवाही तितक्याच पटीने मोठी होते. तिपाई पूर्ण उंच न करता बसून बघण्याइतकी ठेवा. वारा कमी लागतो आणि पक्षीही कमी बिचकतात.

कपडे खाकी, राखाडी, मळकट हिरवे. पांढरा टी-शर्ट आणि लाल टोपी मोकळ्या चिखलावर फार लांबून दिसते. पहाटे गारवा आणि दुपारी तिशीचं ऊन, म्हणून जाड जॅकेटऐवजी दोन पातळ थर. मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा बंद बुटांशिवाय जाऊ नका. चप्पल चिखल ओढून घेतो आणि परत देत नाही. माणशी दीड ते दोन लिटर पाणी. सावली नाही, स्वच्छतागृह नाही. शेवटचं स्टेशन किंवा पेट्रोल पंप कुठे आहे ते नकाशावर आधीच बघून ठेवा, गटात बायका-मुलं असतील तर हे सगळ्यात आधी.

वही आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई घामाने पसरते.

## टप्पा ४: काठावर, भरती चढताना

पूर्ण भरतीच्या तीन तास आधी जागेवर उभे राहा. अडीचही चालेल, दीड नाही. भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. तिचे बारा हिस्से केले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे चढतात. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं आणि काठासमोरचा चिखल तेव्हाच झपाट्याने गिळला जातो. दीड तास आधी पोचलात तर खेळ संपत आलेला असतो.

१. गाडी लांब लावा, दारं हळू लोटा. पहिली पाच मिनिटं काठाकडे जाऊ नका. दुर्बिणीने काठ बघून घ्या, कारण सर्वांत जवळचा पक्षी तुमच्या पहिल्या पावलाला उडतो आणि आपल्याबरोबर बाकीचेही उठवतो. रेडशँक यात पटाईत, त्याची शिटी म्हणजे सगळ्या चिखलाला इशारा.

२. एक जागा धरा आणि बसा. सूर्य पाठीशी, मागे तिवराची झुडपं किंवा बांध, म्हणजे आकाशावर तुमची आकृती उमटत नाही. मग तिथून हलायचं नाही. पक्ष्यांच्या मागे चालत गेलात की ते तेवढेच पुढे सरकतात; बसून राहिलात की पाणी त्यांना तुमच्याकडे आणतं.

३. आधी लांबचं बघा, मग जवळचं. सकाळच्या भरतीला पहिल्या तासात हवा स्वच्छ असते, म्हणून स्कोप दूरच्या कडेवर: कर्ल्यू आणि गॉडविट हे लांब चोचीचे मोठे चिखलपक्षी, चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी), रोहित. जवळचे टिलवे आणि चिखल्ये (प्लोवर) पुढे येणारच आहेत.

४. शेवटच्या तासात एकही डोळा वहीत नको. समोर दहा-बारा फुटांचा चिखलाचा पट्टा उरलेला असतो. त्यावर निवट्या (चिखलातले मासे) फुदकत वर सरकतात, खेकडे बिळांत शिरतात आणि पट्ट्याच्या ओल्या कडेला टिलवे शिलाई मशीनसारखी चोच चालवत धावतात. लाट आली की दोन पावलं मागे, गेली की तीन पुढे. मग पट्टा बुडतो आणि थवा एकदम उठतो. तो कुठल्या दिशेला गेला ते बघा. भरतीचा विसावा तिकडे आहे.

सावध: चिखलात उतरू नका, "जरा दोन पावलं" सुद्धा नको. वरचा थर वाळलेला दिसला तरी खाली मांडीपर्यंत लगदा असतो, पाय काढताना बूट आत राहतो आणि मागून पाणी चढत असतं. मातीच्या बांधाची पाण्याकडची कड खेकड्यांनी पोखरलेली असते. तिपाई आणि पाय दोन्ही मधोमध ठेवा. कचरा टाकतात त्या भागात कुत्र्यांच्या टोळ्या असतात, एकट्याने फिरू नका.

## टप्पा ५: भरतीच्या विसाव्यावर

पूर्ण भरतीच्या पाऊण तास आधी काठ सोडून तळ्याकडे निघा. इथे सर्वांत जवळून आणि सर्वांत जास्त पक्षी दिसतात, आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं. हे पक्षी झोपलेले, पिसं सावरत असलेले असतात. परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी ते अंगात चरबी साठवतात आणि तुम्ही उठवलेला प्रत्येक थवा ती जाळतो. आजूबाजूचे भराव बघता त्यांना दुसरी जागाही फारशी उरलेली नाही.

अंतर फुटपट्टीने ठरवू नका, पक्ष्यांवरून ठरवा. एका पायावर उभे, चोच पाठीत खुपसलेली, म्हणजे ठीक. चोची बाहेर आल्या आणि माना उंच झाल्या, थांबा. सगळे एकाच दिशेने चालू लागले, दहा पावलं मागे या. फोटोसाठी थवा उडवणारा तुमच्याच गटातला असेल तर त्याला तिथेच सांगा, घरी जाऊन व्हॉट्सॲपवर नको.

तळ्यावर नजर डाव्या टोकापासून उजवीकडे, एकेका पट्ट्याने फिरवा. खोल पाण्यात थापट्या, तलवार बदकं. पोटरीभर पाण्यात शेकाट्ये (लांब लाल पायांचे स्टिल्ट), ॲव्होसेट, गॉडविट. उथळ कडेला टिलवे. बांधावर कुरव (गल) आणि सुरय (टर्न) वाऱ्याकडे तोंड करून रांगेत बसतात. सगळे एकदम उठले आणि तुम्ही हललेला नाहीत, तर वर बघा: दलदली भोवत्या किंवा बहिरी ससाणा असणार.

## टप्पा ६: ओळख पटवताना

हिवाळ्यात सगळेच करडे, म्हणून पुस्तक उघडून रंग जुळवत बसलात तर हरलात. क्रम असा: आकार, चोच, पाय, खाण्याची पद्धत, आणि उडताना पंख-शेपटी. रंग शेवटी.

आकारासाठी ओळखीचा पक्षी शेजारी शोधा. शेकाट्या सगळ्यांना येतो; त्याच्याहून लहान की मोठा? खाण्याची पद्धत लांबूनही दिसते: चिखल्या धावतो, थबकतो, टोचतो, टिलवे मान खाली घालून सतत टोचतात, गॉडविट चोच बुडापर्यंत खुपसतो.

नेहमी चुकणाऱ्या जोड्या:

रेडशँक आणि ग्रीनशँक. रेडशँकचे पाय नारिंगी-लाल, उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी. ग्रीनशँक मोठा, पाय हिरवट, चोच किंचित वर वळलेली, पंख एकरंगी आणि पाठीवर लांब पांढरा पाचर. तसाच पण नाजूक, सुईसारख्या सरळ चोचीचा दिसला तर मार्श सँडपायपर.

लिटल आणि टेमिंक्स स्टिंट. पाय बघा: लिटलचे काळे, टेमिंक्सचे पिवळसर. पण चिखलाने माखलेले पाय सगळेच काळे, म्हणून पाण्यातून बाहेर आलेला पक्षी निवडा. टेमिंक्सची छाती सारखी करडी आणि वागणं चोरटं; तो गोड्या पाण्याच्या गवताळ कडेला अधिक भेटतो.

कर्ल्यू सँडपायपर आणि डनलिन. दोघांची चोच वाकडी. उडताना कर्ल्यू सँडपायपरचं शेपटीवरचं अंग पूर्ण पांढरं, डनलिनचं मधोमध काळ्या रेघेने दुभागलेलं. उडेपर्यंत थांबा, उडवू नका.

दोन गॉडविट. काळ्या शेपटीच्या पंखात रुंद पांढरा पट्टा, पट्टेरी शेपटीच्या पंखात नाही.

दोन रोहित. मोठ्याची चोच गुलाबी, टोक काळं, अंग फिकट. लहानाची चोच लांबून काळीच दिसते, अंग जास्त गुलाबी. करडी-मातकट पिल्लं रंगावरून वेगळी प्रजाती समजू नका. नोव्हेंबरात रोहित कमी असतात, जानेवारीपासून संख्या वाढते.

दोन कुरव. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिका, पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद, पंखाची पुढची कड पांढरी. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं आणि कानामागे डाग, त्यामुळे नावावर जाऊ नका.

सँड प्लोवरच्या, म्हणजे लेसर आणि ग्रेटर या चिखल्यांच्या, बाबतीत हट्ट सोडा. लेसर म्हणून ओळखला जाणारा आता दोन प्रजातींत विभागला आहे आणि आपल्याकडे येणाऱ्या तिबेटनची चोचही बरीच लांब असते, त्यामुळे नुसत्या चोचीवरून ग्रेटर ठरवणं धोक्याचं. पायाची लांबी, उडताना शेपटीमागे डोकावणारी पावलं आणि स्वच्छ फोटो, तिन्ही नसतील तर "सँड प्लोवर, प्रजाती अनिश्चित" लिहा. ती नोंद खोट्या ग्रेटरपेक्षा मोलाची.

## टप्पा ७: मोजणी आणि नोंद

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा आणि ते नजरेत किती जागा व्यापतात ते ठसवा. त्यावरून पन्नासचा तुकडा, मग शंभराचा, आणि तुकडे पुढे सरकवत जा. उलट टोकाकडून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फार अंतर आलं तर तिसऱ्यांदा. रोहितांच्या माना पाण्यात असतात, पाठी मोजा. उडत्या थव्याचा आकडा नवखे जवळजवळ नेहमीच कमी धरतात, म्हणून फोटो काढून घरी ठिपके मोजणं चांगलं.

ई-बर्डवर काठाची आणि तळ्याची यादी वेगळी करा. एकाच यादीत टाकलीत की तेच पक्षी दोनदा मोजले जातात: आधी चिखलावर, मग विसाव्यावर. बसून बघितलं असेल तर स्थिर नोंद निवडा, वेळ खरा लिहा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. तिच्यात भाग घ्यायचा तर डिसेंबरात एक सराव फेरी करून घ्या.

आणि प्रत्येक यादीच्या टिपणात एक ओळ न चुकता: तिथी, तक्त्यातली भरतीची वेळ आणि उंची, समोरचा चिखल प्रत्यक्ष किती वाजता बुडाला, थवा कोणत्या दिशेला गेला, तळ्यात पाणी किती होतं, उघाडी उघडी की बंद.